दहा हजार लिटरच्या टाकीचा हिशोब

मे महिना लागला की पुण्यामुंबईतल्या सोसायट्यांच्या फलकावर एक कागद हमखास दिसतो. अमुक तारखेला टाक्या धुतल्या जाणार आहेत, सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पाणी येणार नाही, तरी सभासदांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे. हा कागद लागण्याआधी समितीपुढे दोन-तीन कोटेशने येऊन गेलेली असतात. टाकी एकच, जमिनीखालची, आरसीसीची, दहा हजार लिटरची. पण कुणी दीड हजार सांगतो, कुणी तीन हजार, तर कुणी पाच हजारांच्या वर जातो. बहुतेक ठिकाणी पहिला आकडा मंजूर होतो आणि विषय संपतो. तीन आकड्यांमध्ये एवढे अंतर का, हे कुणी विचारत नाही. ते विचारायला हवे, कारण त्या अंतरात एखाद्याचा जीव असू शकतो.

पाणी साठवायचे तर साठवणीची जागा धुवावी लागते, हे आपल्या लोकांना जुनेच ठाऊक आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने पुण्यात आणले. साततोटी हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे त्या व्यवस्थेतून शहरात रुजली. त्या नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते, तिथे गाळ बसे आणि आत उतरून तो काढता येई. वाड्यातला हौद घरचीच माणसे काथ्याने घासत. पुढे इमारती आल्या आणि त्यांच्या पोटात आरसीसीच्या टाक्या गेल्या. १९७५ मध्ये गुजरातेतल्या कलोलहून सिंटेक्सच्या काळ्या प्लास्टिकच्या टाक्या बाजारात आल्या आणि पाहता पाहता गच्च्या त्यांनी भरल्या. टाकी घरापासून लांब गेली, झाकणाखाली गेली आणि ती धुणे हे घरातल्या कुणाचेच काम राहिले नाही. आधी ते वॉचमनकडे आणि प्लंबरकडे गेले. प्रेशर पंप घेऊन फिरणाऱ्या, छापील कोटेशन देणाऱ्या मंडळींचा धंदा त्यानंतर उभा राहिला.

महापालिका शुद्ध पाणी देते, मग टाकी घाण का होते, असा प्रश्न बैठकीत कुणीतरी विचारतोच. शुद्ध पाण्यातही बारीक कण असतात. पावसाळ्यात ते वाढतात, जलवाहिनीची दुरुस्ती झाली की आणखी वाढतात. टाकीत पाणी स्थिर होते आणि हे कण तळाला बसतात. पंपाचा किंवा नळाचा पाइप तळापासून चार बोटे वर ठेवलेला असतो, म्हणून हा गाळ आपल्या बादलीत येत नाही. बादलीत येत नाही म्हणून तो आहे हेही कळत नाही. वर्षभरात बोटभर थर जमतो आणि त्या थरात जंतूंना थारा मिळतो. भिंतींवर हाताला बुळबुळीत लागणारा पापुद्रा धरतो, तोही जंतूंनीच तयार केलेला असतो. टाकीचे झाकण फुटलेले असेल आणि आत उजेड जात असेल तर शेवाळ येते. प्लास्टिकच्या टाक्या काळ्या असतात त्या उजेड अडवण्यासाठीच.

दुसरे कारण क्लोरीनचे. भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. साठलेल्या पाण्यातला क्लोरीन दिवसागणिक उडून जातो, गाळात तर झपाट्याने संपतो. आता हिशोब करा. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर धरतात. बंगल्यात सहा माणसे असली तर रोजचा खप ८१० लिटर. अशा घराने टंचाईच्या धास्तीने दहा हजार लिटरची टाकी बांधली की आज आलेले पाणी वापरात यायला बारा दिवस लागतात. तोवर त्यातला क्लोरीन गेलेला असतो. मोठी टाकी म्हणजे निर्धास्तपणा असे आपण मानतो, पण छोट्या कुटुंबाची मोठी टाकीच जास्त जपावी लागते.

डासांचे प्रकरण वेगळे. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ती पाण्याच्या रेषेच्या वर, भिंतीला चिकटवून. टाकी कोरडी केली तरी ही अंडी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून नुसते पाणी सोडून देणे पुरत नाही, भिंत घासावीच लागते. मुंबईत हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास तर गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढतो. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला, तेव्हा बोट विहिरींकडे होते. आज महापालिकेचे कर्मचारी गच्चीवर चढून टाकीचे झाकण आणि शिडी तपासतात, ते याच डासासाठी.

आता प्रत्यक्ष काम. मोठ्या टाकीला तिघे-चौघे लागतात. पहिली गोष्ट म्हणजे पंपाचा वीजपुरवठा मुख्य बटणापासून तोडणे. ओल्या टाकीत उतरलेल्या माणसाला खराब वायरचा धक्का बसला तर सावरायला जागा नसते. मग उरलेले पाणी उपसायचे, तळातला चिखल मड पंपाने किंवा बादल्यांनी वर काढायचा. त्यानंतर प्रेशर जेटने छत, भिंती आणि तळ, याच क्रमाने, वरून खाली. जाणता माणूस जेट एका जागी धरून ठेवत नाही, कारण जुन्या टाकीचा गिलावा सुटतो आणि पुढच्या महिन्यात गळती सुरू होते. कोपरे, शिडीच्या पायऱ्यांची खालची बाजू, पाइपाच्या तोंडाचा भाग हे जेटने निघत नाहीत, तिथे ब्रश घेऊन हातानेच घासावे लागते. प्लास्टिकच्या टाकीला तारेचा ब्रश लावला तर चरे पडतात आणि पुढची घाण त्याच चरांत धरते. शेवटी घाण पाणी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचे आणि तळ पुसून कोरडा करायचा.

मग निर्जंतुकीकरण. कोटेशनमध्ये इथे मोठमोठी नावे असतात, पण खरे औषध साधे आहे. गावागावांतल्या ग्रामपंचायती वर्षानुवर्षे वापरतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, किंवा तिचाच द्रवरूप भाऊ, सोडियम हायपोक्लोराइट. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यातली जुनी पावडर म्हणजे निव्वळ चुना. यात दोन रीती आहेत. एक, टाकी पूर्ण भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन पडेल इतके औषध घालायचे, दिवसभर ठेवायचे आणि सगळे पाणी सोडून द्यायचे. दहा हजार लिटरला त्यासाठी दीड किलो टीसीएल लागते आणि एक टँकरभर पाणी जाते. दुसरी, लिटरला २०० मिलिग्रॅम क्लोरीनचे द्रावण भिंतींना फवारून अर्धा तास ओले ठेवायचे आणि मग धुऊन घ्यायचे. दहा लिटरच्या बादलीला सहा ग्रॅम पावडर पुरते, ती कालवून चुना बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी घ्यायचे. पाण्याची ओढ असलेल्या आपल्या प्रांतात मला दुसरीच रीत योग्य वाटते. शेवटचा टप्पा म्हणून अतिनील दिवा फिरवतात, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. त्या प्रकाशाचा परिणाम जिथे तो थेट आणि पुरेसा वेळ पडतो तिथेच होतो आणि मागे काहीच उरत नाही.

आता पैशांकडे येऊ. या धंद्यात दर लिटरवर सांगतात. शहरात मोठ्या टाकीला साधारण २५ ते ५० पैसे लिटर, म्हणजे दहा हजार लिटरला अडीच ते पाच हजार रुपये. नोंदणीकृत कंपनी असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी. ही मोजणी सोयीची असली तरी ती कामाची मोजणी नाही, कारण पाणी कुणी धूत नाही, धुतात त्या भिंती. एक मीटर लांब, रुंद आणि उंच टाकीत हजार लिटर मावतात आणि तिचा आतला पृष्ठभाग सहा चौरस मीटर भरतो. अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद, दोन मीटर उंच टाकीत दहा हजार लिटर मावतात, पण पृष्ठभाग २८ चौरस मीटर. पाणी दहापट, घासणे पाचपटीहूनही कमी. म्हणून मोठ्या टाकीचा लिटरमागचा दर लहान टाकीपेक्षा कमी असणे रास्त आहे. उलट टाकी चार वर्षे उघडलीच नसेल, आत आडव्या भिंती असतील किंवा तोंड इतके अरुंद असेल की बादली वाकडी करून काढावी लागेल, तर जास्त पैसे मागणारा माणूस खरे बोलत असतो. टाकी न पाहता फोनवर दर सांगणाऱ्याने काम पाहिलेलेच नाही.

औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आसपास. पंप, जेट, गाडी यांचा खर्च कामागणिक काहीशे रुपये. उरते ती माणसांची मजुरी आणि त्यांच्या सुरक्षिततेचे सामान. स्वस्त कोटेशनमध्ये कात्री लागते ती इथेच. चारऐवजी दोन माणसे येतात, दोघेही आत उतरतात, वर कुणी राहत नाही. हवा खेळवणारा ब्लोअर नसतो, कमरेला दोर नसतो, प्राणवायू मोजणारे यंत्र कुणी पाहिलेलेही नसते.

मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या टाकीत उतरलेल्या चार मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला. ती पाण्याची टाकी होती, गटार नव्हे. बंद टाकीत प्राणवायू निमूटपणे कमी होत जातो. लोखंड गंजताना तो खाते, कुजणारा गाळ खातो, नव्या टाकीत राहून गेलेल्या सेंटरिंगच्या ओल्या फळ्या कुजताना खातात. बाहेरच्या हवेत प्राणवायू २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची मानतात. या कमतरतेला वास नाही, रंग नाही. उतरणाऱ्याला काही जाणवण्याआधी पाय लटपटतात. मग वरचा त्याला काढायला उतरतो आणि तोही पडतो. अशा अपघातांत एकापेक्षा जास्त माणसे जातात ती याच कारणाने.

विहिरीचा गाळ काढणारे जुने लोक आधी पेटता कंदील दोराने खाली सोडत. त्यांची जाण खरी होती, पण ज्योत विझते ती प्राणवायू १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर, तोवर माणसासाठी उशीर झालेला असतो. पेट्रोलवर चालणारा पंप टाकीत किंवा तिच्या तोंडाशी चालवला तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो, तो ज्योतीला कळत नाही. ॲसिड ओतून डाग काढायचे आणि वर हायपोक्लोराइट फवारायचे, हा प्रकारही चालतो. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये सामानाशिवाय माणूस उतरवणे गुन्हा ठरवले. पिण्याच्या पाण्याची टाकी त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पाणी स्वच्छ म्हणून जागा निर्धोक, असे आपण गृहीत धरले आणि त्याची किंमत रोजंदारीवरच्या पोरांनी मोजली.

म्हणून मी दीड हजारांच्या कोटेशनला स्वस्त म्हणत नाही. झाकणे उघडून तासभर हवा खेळू देणे, ब्लोअर लावणे, यंत्राने हवा मोजणे, उतरणाऱ्याला दोर बांधणे आणि एक माणूस सतत वर ठेवणे यासाठी एका टाकीमागे जास्तीत जास्त हजारभर रुपये वाढतील. चाळीस बिऱ्हाडांत ते वाटले तर बिऱ्हाडामागे २५ रुपये, वर्षातून दोनदा.

धुण्याचा दिवस निवडतानाही पैसे वाचतात. पुण्यात देखभालीसाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असते, त्या दिवशी टाकी आपोआप तळाला जाते आणि चांगले पाणी गटारात सोडावे लागत नाही. मात्र बंदनंतर शुक्रवारी आलेले पहिले पाणी गढूळ असते. ते नुकत्याच धुतलेल्या टाकीत घेऊ नये, थोडे वाहू द्यावे. काम झाल्यावर पावतीबरोबर तळाचा फोटो मागावा आणि दोन दिवसांनी नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का ते तपासावे. गावात जलसुरक्षक क्लोरीन पाहणारी ओटी टेस्ट करतो, तितकीच सोपी ती शहरातही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा संशय आला, तेव्हा पाण्यातला क्लोरीन हा शब्द पुण्यात घरोघरी पोचला होता. तपासण्याची ती सवय साथ ओसरली म्हणून सोडू नये.

खेड्यातल्या पाण्याच्या टाकीवर रंगाने लिहिलेले असते : टाकी धुतल्याचा दिनांक, पुढील दिनांक. आपल्या टाकीवरही तसे लिहून घ्या. आणि यंदाच्या मेमध्ये कोटेशन उघडताना दराच्या आधी तीन प्रश्न विचारा : हवा कशाने मोजणार, दोर कुणाच्या हातात असणार, वर कोण उभा राहणार. यांची उत्तरे ज्याच्याकडे नसतील त्याला आपल्या टाकीत माणूस उतरवू देऊ नका.