गंजलेली टाकी आणि एक ठिणगी

घराच्या छपराचे कौल फुटले, तर पहिल्याच पावसात ते घरधन्याला कळते आणि तो शिडी लावतो. कारखान्यातील मोठ्या टाक्यांची गोष्ट निराळी. तेथे छिद्र पडले तरी दिवसाचे काम अडत नाही. म्हणून आजची दुरुस्ती उद्यावर जाते. आपल्याही घरांतील मुलगे अशा कारखान्यांत पोटासाठी जातात. यास्तव अमेरिकेत घडलेली एक दुर्घटना आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डेलावेअर राज्यातील डेलावेअर सिटी येथे त्या काळी मोटिव्हा कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. पेट्रोलचा एक घटक तयार करताना तेथे गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, वापरीत. वापरून झालेले आम्ल प्रत्येकी ४,१५,००० गॅलनांच्या पोलादी टाक्यांत साठवीत. अशा आम्लात ज्वालाग्राही तेलाचा थोडा अंश उरतो. हलका असल्यामुळे तो वर तरंगतो आणि त्याची वाफ छपराखाली साचते. तीत हवा मिसळली, की उणीव राहते ती केवळ ठिणगीची. म्हणून त्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड वायू सोडून हवेला अटकाव करावयाचा असतो. परंतु टाकीच गंजून तिला भोके पडली, तर वायू निसटतो आणि हवा आत शिरते. येथे तर वायूची नळीही छपराच्या एका भोकातूनच आत सोडलेली होती!

टाकीने इशारा दिला नव्हता असे नव्हे. १९९८ पासून तिला वर्षानुवर्षे गळती लागत होती. टाकी आतून तपासावी, असे तपासनिसांनी वारंवार लिहून दिले. तपासणी दर वेळी पुढे ढकलण्यात आली. मे २००१ मधील गळतीनंतर टाकी बंद न करता आम्लाची पातळी तेवढी छिद्राखाली उतरविण्यात आली. जूनमध्ये कामगारांनी धोक्याची लेखी सूचना दिली. तरीही टाकी चालूच राहिली.

१७ जुलै २००१ रोजी ठेकेदाराची माणसे टाक्यांवरील पायवाटेची लोखंडी जाळी दुरुस्त करीत होती. त्या कामाची ठिणगी वाफेला लागली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. स्फोटाने टाकी तळापासून उखडली. एक कामगार प्राणास मुकला, आठ जखमी झाले. सुमारे ११ लाख गॅलन आम्ल वाहून गेले आणि त्यातील ९९,००० गॅलन डेलावेअर नदीत मिसळले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने जमिनीवरील साठवण टाक्यांसाठी कायदा केला. कायदा आला, परंतु गेलेला माणूस परत आला नाही.

या हकिकतीत आम्हांस सर्वांत जड वाटते ते हे, की धोका अज्ञात नव्हता. तो कागदावर उतरला होता. केवळ त्या कागदावर वेळीच कृती झाली नाही.

हा धोका मोठ्या कारखान्यांपुरता नाही. डिझेलचे किंवा थिनरचे रिकामे पीप पाणी साठविण्यासाठी कापून घेण्याची रीत गावोगावी आहे. द्रव संपला तरी पिपात वाफ राहते आणि हवेसाठी जागाही मोकळी होते. म्हणून ‘रिकामे’ पीप भरलेल्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. असे पीप गॅसने कापण्यास कधीही देऊ नये. नुसते पाण्याने विसळल्याने ते निर्धोक होत नाही.

आणि जो मुलगा टाक्यांजवळ झाळकामास जातो, त्याने काम हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : टाकीत काय आहे किंवा होते? आजूबाजूची वाफ आज कोणी मोजली? या कामाचा लेखी परवाना कोठे आहे? उत्तर न मिळाल्यास हत्यार खाली ठेवावे. असे करण्यात भित्रेपणा नाही. त्या दिवसाचा रोज कदाचित बुडेल. तेव्हा घरच्यांनी त्याला बोल लावू नये, उलट त्याची पाठ राखावी.