मागचे चाक, दोन दंतचक्रे आणि एक दोरी

परळी वैजनाथ म्हटले की परगावच्या माणसाला ज्योतिर्लिंग आठवते, अहल्याबाई होळकरांनी केलेला देवळाचा जीर्णोद्धार आठवतो, आणि १९७१ साली सुरू झालेल्या औष्णिक केंद्राची धुराडी आठवतात. परंतु ज्याने या तालुक्यात जुनी मोटारसायकल वर्षानुवर्षे सांभाळली आहे, त्याला या साऱ्यांच्या आधी आठवते ती येथली धूळ. काळ्या मातीची भुकटी, तिच्यात मिसळलेली राख आणि बालाघाटाच्या अंगावरून अंबाजोगाईकडे जाणारा चढउताराचा रस्ता, या तिघांचा अंमल यंत्राच्या ज्या भागावर प्रथम बसतो, तो म्हणजे मागच्या चाकाची साखळी आणि ती जिच्यावरून फिरते ती दंतचक्रांची जोडी, जिला बाजारात सारे चेन-स्प्रॉकेट म्हणतात.

या साखळीचे कूळ तसे जुने आहे. हान्स रेनॉल्ड नावाच्या गृहस्थाने मँचेस्टर येथे १८८० मध्ये बुश आणि रोलर असलेली साखळी सिद्ध केली. १९५५ पासून मद्रासेत बनू लागलेली बुलेट काय, म्हैसूरची जावा आणि पुढे येझदी काय, किंवा पोलंडच्या नमुन्यावरून उतरलेली राजदूत काय, साऱ्यांचे मागचे चाक याच तत्त्वावर फिरले. साखळी ‘वाढली’ असे आपण म्हणतो खरे, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि बुश केसाएवढी झिजतात आणि सर्व सांध्यांची झीज मिळून साखळी लांब होते. बुलेटच्या साखळीचा दोन पिनांमधील टप्पा पाच अष्टमांश इंच. म्हणजे नव्या साखळीत असे २० टप्पे साडेबारा इंच भरतात, आणि तेच अंतर पाव इंचाने वाढलेले आढळले की त्या साखळीची मुदत संपली असे खुशाल समजावे. वाढलेली साखळी नव्या दातांवर चढवणे म्हणजे नवे दातही तिच्या स्वाधीन करणे होय. बुलेटच्या बाबतीत ही चूक विशेष महाग पडते; कारण जुन्या बुलेटचे मागचे ३८ दातांचे चक्र ब्रेकच्या ड्रमशी एकजीव ओतलेले असते, आणि दात गेले की चांगला असलेला ड्रमही त्यांच्याबरोबर बदलावा लागतो.

मला या विषयाची खरी गोडी लागली ती एका अपघाताने. माझ्या बुलेटची मागची रिम वाकली, म्हणून मी जुन्या सामानातून हब आणि ड्रम यांसह सबंध चाक आणून बसवले. एक्सलच्या दोन्ही बाजूंना गोगलगायीच्या शंखाप्रमाणे घेर वाढत जाणाऱ्या, खाचा पाडलेल्या चकत्या असतात. त्यांच्या खाचा मी दोहीकडे समान मोजून ठेवल्या आणि चाक सरळ बसले असे गृहीत धरले. काही आठवड्यांतच साखळी कुरकुरू लागली. स्टेशनाकडच्या एका वृद्ध मिस्त्रींनी ड्रम माझ्यासमोर फिरवला, तेव्हा प्रत्येक दाताची बाहेरची बाजू आरशासारखी चकाकत होती आणि आतली बाजू मळकी होती. मागचे चक्र पुढच्याच्या रेषेपासून बाहेर गेले होते.

त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, हँडल सरळ धरवले, मागच्या टायरला पाठीमागून दोरीचा वेढा दिला आणि तिची दोन्ही टोके जमिनीपासून सारख्या उंचीवर पुढच्या चाकापर्यंत ताणून नेली. दोरी मागच्या टायरला पुढल्या कडेशी नुसती स्पर्श करील इतपतच धरायची, आणि पुढच्या टायरच्या डाव्या-उजव्या बाजूंना किती फट राहते ते पाहायचे. फटी समान निघाल्या. चाक सरळ होते आणि तरी दंतचक्र वाकडे होते. आणि माझ्या मते या विद्येचे सारे मर्म येथे आहे. चाकाचा सरळपणा ही एक बाब आणि चक्रांचा सरळपणा ही निराळी. मूळच्या चाकात कारखान्याने या दोहोंचा मेळ घातलेला असतो, आणि चाक बदलले की तो मोडतो. खाचांचे आकडे यांपैकी दुसरीबाबत काहीच सांगत नाहीत, आणि मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश झिजले असतील तर पहिलीबाबतही त्यांची साक्ष ग्राह्य धरू नये.

चक्रावर पोलादी पट्टी टेकवून मोजले तेव्हा फरक सुमारे ३ मिलिमीटर भरला. मिस्त्रींनी एक्सलवरचा डावीकडचा स्पेसर लेथवर तितकाच अधिक जाड बनवून घेतला, आणि उजवीकडचा तितकाच छाटला. कारण एका बाजूला भर घालून दुसरी तशीच ठेवली, तर एक्सलचा नट आवळताना स्विंगआर्मच्या भुजा फाकतात. दंतचक्र रेषेत आले, परंतु ड्रमबरोबर सारे चाकच ३ मिलिमीटर उजवीकडे सरकले. मग डाव्या अंगाचे आरे थोडेथोडे आवळत आणि उजवीकडचे तितकेच सैल करीत त्यांनी रिम पुन्हा मध्यावर ओढून आणली. या एका कामात सबंध दुपार गेली. शेवटी साखळी जोडताना क्लिपचे बंद तोंड चालीच्या दिशेला ठेवले, एका माणसाला गाडीवर बसवले आणि चाक फिरवून साखळी जेथे सर्वांत घट्ट होते तेथे ढील पाहिली. कारण पुढचे चक्र, स्विंगआर्मची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की साखळीला सर्वाधिक ताण बसतो, आणि रिकाम्या गाडीवर बेताची वाटणारी ढील तेथे अपुरी पडते.

जावाच्या कर्त्यांनी हा व्याप फार सुंदर रीतीने सोडवला होता. साखळी सबंध पत्र्याच्या पेटीत बंद, आणि मागचे चाक उतरवले तरी दंतचक्र साखळीसह जागच्या जागी. पंक्चर काढून चाक परत चढवले तरी साखळीची रेषा ढळत नाही. परळीच्या राखेला याहून समर्पक उत्तर माझ्या पाहण्यात नाही. उघड्या साखळीवर इंजिनातले जळके तेल ओतण्याची आपल्याकडची वहिवाट मात्र सोडलीच पाहिजे. त्या तेलात राख कालवली गेली की सांध्यांना पॉलिशचा मसालाच लावल्यासारखे होते. साखळी रॉकेलने धुवावी, तेल सांध्यांत मुरू द्यावे आणि बाहेरचे फडक्याने पुसून घ्यावे.

जुने चाक विकत घेणाऱ्यांस एवढीच विनंती आहे की, चाकाबरोबर त्याचे दोन्ही स्पेसर अवश्य मागून घ्यावेत, आणि ड्रमच्या दातांच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.