निघायची तारीख दुसऱ्या टोकाला ठरते

डिचोलीतल्या नार्व्याहून फेरीबोटीने नदी ओलांडली की दिवाडी बेट. इथल्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या शिडाच्या नौका बांधल्या गेल्या. ‘तारिणी’ घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्यातून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या आणि २१ मे २०१८ ला परतल्या. इतक्या लांबच्या प्रवासाची तयारी कशी करतात? सगळा हिशेब उलटा, शेवटाकडून मांडायचा.

पहिली तारीख केप हॉर्नची. दक्षिण अमेरिकेच्या टोकाचा हा वादळी समुद्र तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत, त्यातल्या त्यात बरा. ‘तारिणी’ने तो १९ जानेवारीला ओलांडला. तिथून मागे मोजत आलं की गोव्यातलं प्रस्थान पाऊस ओसरता ओसरता येतं.

मग पाणी. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलपर्यंतचा पहिला टप्पा ४३ दिवसांचा झाला. माणशी रोज तीन लिटर धरले तर सहा जणींना ७७४ लिटर. खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र बंद पडू शकतं, म्हणून साठा हवाच. तोही एकाच टाकीत नको. एक टाकी नासली तर दुसरी हाताशी असावी.

शिधा भरताना पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच सोडायचे, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. डब्यांवरचे कागद दमट हवेत सुटतात. ते आधीच सोलून पत्र्यावर पक्क्या शाईने ‘वाटाणे’, ‘अननस’ असं लिहायचं. नाहीतर जेवायला काय आहे ते डबा फोडल्यावरच कळतं! उकडे तांदूळ, आमसुलं, भाजणी, कांदे-बटाटे टिकतात.

सुटे भाग सगळे नेता येत नाहीत. परतीच्या टप्प्यात ‘तारिणी’ची सुकाणूची यंत्रणा बिघडली आणि ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. नौकानयनपटू अभिलाष टॉमी यांनी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत वाऱ्यावर चालणारं सुकाणूयंत्र दुरुस्त करायला शौचालयाचं दार वापरलं आणि दुसरा क्रमांक मिळवला. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक यंत्र एकदा स्वतःच्या हातांनी उघडून पुन्हा जोडावं.

आता घर. सप्टेंबरात निघून मे महिन्यात परतायचं, तर पेडणे-डिचोलीकडच्या कौलारू घराला मोठा पाऊस बंद दाराआड काढावा लागत नाही. पण सरलेल्या पावसाची ओल भिंतीत असतेच. गाद्या, कपडे, कागदपत्रं कडक उन्हात वाळवल्याशिवाय कपाट बंद करू नये. वीजबिल, घरपट्टी, बँकेची कामं कोण बघणार ते ठरवून त्या माणसाला लेखी अधिकारपत्र द्यावं.

शेवटचा कागद मात्र घरात राहणाऱ्यांसाठी. त्यावर मार्ग, प्रत्येक बंदराची अपेक्षित तारीख, नौकेचा रंग, बरोबर असलेली संपर्कयंत्रणा आणि किती दिवस खबर आली नाही की कुणाला फोन करायचा, हे लिहायचं. तो दारामागच्या खिळ्याला अडकवायचा आणि घरातल्या एकाकडून मोठ्याने वाचून घ्यायचा. जिथे वाचणारा अडखळेल, तिथे अक्षर सुधारायचं.