वॉटर कूलर देण्याआधी

उन्हाळा जवळ आला की आम्हा शिक्षकांकडे विचारणा सुरू होते, "सर, शाळेला वॉटर कूलर द्यायचाय. कुठला घेऊ?" कुणाला मरहूम वालिदांच्या ईसाले-सवाबसाठी द्यायचा असतो, कुणाला हजहून सुखरूप परतल्याच्या आनंदात. पाणी पाजण्याचा सवाब आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही. हजरत साद बिन उबादा यांनी आईच्या नावाने विहीर खोदली, हे मकतबमधल्या मुलांनाही ठाऊक असते. मात्र विहिरीचा गाळसुद्धा अधूनमधून काढावा लागतो. कूलर तर यंत्र आहे. दात्याच्या नावाची पाटी चकचकीत आणि खाली तोट्या कोरड्या, असे कूलर आम्ही बरेच पाहिले आहेत.

दुकानात "चाळीस-ऐंशी" असे दोन आकडे सांगतात. तासाला ४० लिटर पाणी गार होते आणि टाकीत ८० लिटर मावते, असा त्याचा अर्थ. पण मुले दिवसभर थोडीथोडी येत नाहीत, मधल्या सुट्टीत एकदम येतात. एका मुलाला ग्लास भरून बाजूला व्हायला १५ सेकंद धरा. म्हणजे एका तोटीवर मिनिटाला ४ मुले. तीन तोट्यांचा कूलर २० मिनिटांच्या सुट्टीत २४० मुलांना पुरेल. पट ६००चा असेल तर बाकीची ३६० काय करणार? ढकलाढकलीत मागे राहतात ती पहिली-दुसरीची पोरे आणि मुली. (स्वच्छतागृह धड नसेल तर मुली मुद्दामच पाणी पीत नाहीत. दात्यांनी कधी तिकडेही पाहावे.) म्हणून आमचा सल्ला असा की कूलर लहान घ्या आणि वाचलेल्या पैशांत शेजारी साध्या पाण्याच्या सहा-आठ तोट्या बसवा. वीज गेली तरी त्या चालतात.

कारखान्यांची गोष्ट थोडी वेगळी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमातील १८व्या कलमात २५० पेक्षा अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणी द्यावे, असे म्हटले होते. पाण्याची जागा मोरी-संडासापासून ६ मीटरच्या आत नसावी, हेही त्यात होते. भिवंडी-मालेगावच्या बहुतेक यंत्रमाग शेडमध्ये कामगार २५० च्या पुष्कळ खाली असतात; पण तहान माणसे मोजून लागत नाही. आणि ६ मीटरचा नियम शाळांनीही पाळण्यासारखा आहे.

"आरओ लावलेलाच द्या," असा आग्रह हल्ली फार होतो. आधी पाण्याचा टीडीएस मोजून घ्या. भारतीय मानकानुसार तो ५०० पर्यंत चांगला. नगरपालिकेचे नदीचे पाणी सहसा याच्या आत असते. तिथे साधा फिल्टर आणि यूव्ही पुरते. आरओ एक लिटर पाणी देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो, आणि ते आपल्या दुष्काळी तालुक्यांना परवडणारे नाही. बोअरचे खारे पाणी असेल तरच त्याचा विचार करावा.

सगळ्यात जास्त काळजी विजेची. स्टीलचे अंग, खाली ओली फरशी, अनवाणी मूल, आणि अर्थिंग नाही! एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर कधीच चालवू नये. लायसन असलेल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा. कुठे वीज गळली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. कूलरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, तरी नेमका हाच वगळला जातो. कूलर भिंतीला चिकटवू नये, मागून गरम हवा निघायला जागा हवी. सांडलेले पाणी नळीने झाडांकडे न्यावे.

देणाऱ्याने मुख्याध्यापकांना दोनच गोष्टी विचाराव्यात : टाकी दर महिन्याला कोण धुणार, आणि फिल्टर बदलायचे पैसे कुठून येणार? उत्तर मिळाले नाही तर किमतीतला थोडा भाग बाजूला काढून दोन-तीन वर्षांच्या देखभालीचा करार दात्यानेच करून द्यावा. मे महिन्याच्या सुट्टीत टाकी रिकामी करून खालचा बूच काढून ठेवावा. जूनमध्ये शाळा उघडताना टाकी घासून धुवावी, पहिल्या दोन टाक्या सोडून द्याव्यात, आणि मगच मुलांना तोटी उघडू द्यावी.