खाऱ्या हवेतले ब्रेक

मागच्या भागात आपण स्टेपनी बदलली. जॅक आणि चाकाचे नट हाताखालून गेले, आता चाकाच्या आत हात घालू.

निवळी फाट्यावरून वाटद-खंडाळ्यामार्गे जयगडला येणारा रस्ता बराच वेळ सड्यावरून जातो आणि शेवटी खाडीकडे उतरतो. त्याच रस्त्याने बंदराचे अवजड ट्रक ये-जा करतात. गणपतीपुळ्याकडून यावे तर चढउतार आणि वळणे संपत नाहीत. म्हणजे ब्रेकला इथे काम भरपूर. पण जयगडसारख्या गावात पॅड नुसते झिजत नाहीत, ते अडकतात, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची लाल धूळ मिळून कॅलिपर आतून जाम करतात. तवसाळच्या फेरीबोटीने नेहमी जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांना धक्क्याच्या उतारावरचे खारे पाणीही लागते. म्हणून किनाऱ्यावर पॅड बदलणे हे निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे म्हणजे साफसफाई आणि नवे पॅड रुळवणे. घाईच्या दिवशी गॅरेजमध्ये नेमके हेच राहून जाते.

ब्रेकवर ताण किती येतो ते पाहा. हजार किलोची गाडी ताशी 60 किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली की निघणाऱ्या उष्णतेत साधारण 400 मिलिलिटर पाणी उकळीला येईल. वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट. यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्क आणि चार पॅड सोसतात.

नव्या पॅडवरचा घर्षणाचा थर बहुधा 10 मिलिमीटरच्या आसपास असतो. तो 3 मिलिमीटरवर आला की बदलायचा. पुष्कळ पॅडना एक पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. तो आवाज आला की दिवस ढकलू नका. आणि पॅड नेहमी एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे बदलायचे, एकाच बाजूचे कधीच नाही.

गाडी सपाट, टणक जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे लावा. नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग जॅक लावा, आणि लगेच खाली स्टँड द्या. आपल्याकडे अंगणात चिरे पडलेलेच असतात म्हणून गाडी त्यांच्यावर टेकवायचा मोह होतो. ते करू नका. चिरा भाराखाली अचानक फुटतो.

चाक निघाल्यावर बहुतेक गाड्यांत कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलता येतो. तो पूर्ण सुटा करावा लागला तर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. काळी धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. डिस्क ब्रेकचे पेटंट फ्रेडरिक लँचेस्टरने इंग्लंडमध्ये 1902 साली घेतले, तेव्हा धातूवर धातू घासून भयंकर आवाज येत असे. त्यावर पुढे अ‍ॅस्बेस्टॉसचे अस्तर आले आणि कित्येक दशके टिकले. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. आजच्या पॅडची धूळही नाकात जायला नकोच.

आता जुने दोन पॅड शेजारी धरा. आतला घासून पातळ आणि बाहेरचा जाडजूड असेल, तर दोष बहुधा पॅडचा नाही. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून बसल्या आहेत. त्या बाहेर काढा, जुने ग्रीस आणि गंज पूर्ण पुसा, रबरी टोपी फाटली असेल तर नवी घाला आणि ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते आणि पिन पुन्हा अडकते. पॅड जिथे बसतो त्या खाचा तारेच्या ब्रशने घासून काढा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, तीही मोजून घ्या. पॅडच्या तोंडाला आणि डिस्कला ग्रीसचा डागही नको.

पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइल टाकीत वर चढते. ते सांडले तर गाडीचा रंग खाते, म्हणून एक डोळा तिकडे ठेवा. मागच्या चाकांना बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर ते काम घरी करू नका. सगळे बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. मग इंजिन सुरू करण्याआधी पेडल टणक लागेपर्यंत दाबत राहा. हे विसरलात तर पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जाईल आणि गाडी थांबणार नाही.

नव्या पॅडची पकड अपुरी असते. त्याचा अगदी पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा बसायला हवा. कोरड्या सकाळी सड्यावरचा सपाट, रिकामा रस्ता निवडा. ट्रकची वर्दळ नको, उतार नको, मागे कुणी नको. ताशी 50-60 वरून मध्यम, एकसारख्या दाबाने 10-15 पर्यंत या, पूर्ण थांबू नका. पुन्हा वेग घ्या, अर्धा-एक किलोमीटर जाऊ द्या, पुन्हा तेच, असे आठ-दहा वेळा. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. शेवटी काही किलोमीटर ब्रेक जवळजवळ न लावता चालवा, म्हणजे डिस्क निवेल. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात तर पॅडचा ठसा एकाच जागी उमटतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. लोक म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा वाकलेली नसते, थर असमान बसलेला असतो.

पहिले 200-300 किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा आणि आंबा घाट उतरायचा बेत पुढे ढकला. पावसाळी रात्रीनंतर सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसेल. तो वरवरचा असतो, दोन-चार ब्रेकमध्ये जातो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर मात्र तोच गंज पॅडला डिस्कशी चिकटवतो, म्हणून आठवड्यातून एकदा चार पावले तरी हलवा.

पुढच्या आठवड्यात ब्रेक ऑइल. डॉट 4 प्रतीचे नवे ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा पिऊन ती मर्यादा 155 अंशांच्या आसपास येऊ शकते. तोवर टाकीचे झाकण विनाकारण उघडू नका.