‘ह’ हत्तीचा, आणि त्यापुढचा

2013च्या एप्रिलमध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात आशियाई हत्तींवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी शाळेतली बारा ते चौदा वर्षांची मुलं होती. हत्तींच्या बुद्धीवर काम करणाऱ्या जोशुआ प्लॉटनिक यांनी त्यांना या कामात सामील करून घेतलं होतं. प्रश्न अगदी साधा. दोन बादल्यांपैकी एकीत खाऊ लपवला आणि माणसानं बोट करून ती दाखवली, तर हत्तीला उमजतं का? कुत्र्याला हे सहज जमतं. थायलंडमध्ये माणसाळलेल्या सात हत्तींवर प्रयोग झाले आणि उत्तर आलं, नाही. बोट दाखवा, नाहीतर त्या बादलीकडे वळून उभे राहा, हत्तींना त्यातून काही अर्थबोध होईना. ओळखीचा तोंडी हुकूम मात्र ते बरोबर पाळत.

हत्ती वाचवायला हवेत, हे वाक्य या मुलांना भिंतीवरच्या पोस्टरवरही वाचता आलं असतं. त्याऐवजी त्यांना कळलं ते असं, की हत्तीचं जग माणसासारखं नजरेवर चालत नाही. ते मुख्यतः वासावर आणि आवाजावर चालतं.

मराठी मुलाची हत्तीशी ओळख अंकलिपीतल्या ‘ह’पासून होते आणि गणपतीच्या आरतीत पक्की होते. मखरातला हत्ती लाडका असतो. सुपाएवढे कान, मोदक, पायाशी उंदीर. जंगलातल्या हत्तीला मात्र दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा लागतो, शंभर लिटरहून जास्त पाणी लागतं आणि त्यासाठी मैलोन्‌मैल चालावं लागतं. 2010 साली केंद्र सरकारनं हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राण्याचा दर्जा दिला. 2025च्या डीएनए-आधारित अंदाजानुसार देशात 22,446 हत्ती आहेत. त्याच वेळी हत्तींमुळे भारतात दरवर्षी पाचशेच्या आसपास माणसं जीव गमावतात, काही वर्षी हा आकडा सहाशेपलीकडे जातो. मुलांना शिकवताना यातली एकच बाजू सांगितली, तर हत्तीच्या वाटेवरच्या गावात तो धडा कुणी खरा मानणार नाही.

महाराष्ट्रात अशी गावं आता आहेत. 2002 साली कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले. दोडामार्ग तालुक्यात तिलारीच्या खोऱ्यात त्यांनी केळी, माड, पोफळींच्या बागांत मुक्काम ठोकला. एप्रिल 2025मध्ये मोर्ले गावात एका शेतकऱ्याचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी ‘ओंकार’ नावानं ओळखला जाणारा हत्ती गोव्यातल्या पेडणे तालुक्यात जाऊन पोचला. तिकडे विदर्भात ऑक्टोबर 2021मध्ये छत्तीसगडमधून वीसहून अधिक हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. आसाम किंवा कोडगूमध्ये हत्तीशी कसं वागायचं हे आजोबा नातवाला सांगतात. इथे मात्र आजोबा आणि नातू दोघांचाही हा पहिलाच धडा आहे.

मग शिकवायचं काय? गडचिरोलीतलं उदाहरण घेतलं तर घरात साठवलेलं धान आणि मोहफुलं. त्यांचा वास हत्तीला लांबून येतो आणि त्यापायी तो कुडाची भिंतही पाडतो. हे समजलं की धान्य झोपायच्या खोलीत का ठेवू नये, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही आणि तोच ते घरी आईला सांगतो. एकटा फिरणारा नर आणि पिल्लांसह असलेला कळप यांच्या वागण्यात फरक असतो. हत्तीण आणि पिल्लू यांच्या मध्ये कधी येऊ नये. तिन्हीसांजेला आणि पहाटे रानवाटेनं एकट्यानं जाऊ नये. दगड मारणं, फटाके फोडणं, मोबाइल घेऊन मागे धावणं यानं बिथरलेला हत्ती पुढच्या वस्तीत जास्त नुकसान करतो.

कोइम्बतूरची झू आउटरीच ऑर्गनायझेशन ही संस्था अशा शिक्षणात बरीच वर्षं काम करते आहे. तिचा भर शिक्षकांच्या प्रशिक्षणावर असतो. शिक्षक मुलांकडून मुखवटे लावून नाटुकली करून घेतात. एक गट कळप होतो, दुसरा पीक राखणारं गाव. हत्ती झालेल्या मुलाला जुनी वाट सापडत नाही आणि शेतकरी झालेल्या मुलाचं वर्षाचं पीक जातं. दोघांचीही अडचण वर्गासमोर उभी राहते.

नुसत्या शहाणपणानं मात्र भागत नाही. तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांना आढळलं, की बहुतेक माणसं दगावली ती हत्ती जवळपास आहे हे ठाऊकच नसल्यामुळे. म्हणून तिथे मोबाइलवर संदेश, स्थानिक केबल टीव्हीवर सूचना आणि लांबून दिसणारे लाल दिवे अशी यंत्रणा उभी राहिली. श्रीलंकेत वस्गमुवाजवळ शाळकरी मुलं हत्तींच्या वाटेवरून पायी जात. तिथल्या वन्यजीव संस्थेनं त्या रस्त्यावर चक्क बस सुरू केली. मूल वर्गात कितीही शिकलं, तरी त्याला हत्तीच्या वाटेवरून चालत शाळा गाठावी लागत असेल, तर आधी बसच हवी.

शहरातल्या शाळेचा अभ्यासक्रम वेगळा. पुण्या-मुंबईच्या मुलाला हत्ती रात्री दारात भेटणार नाही. पण ज्या रेल्वेरुळांवर हत्ती मरतात, ज्या खाणींमुळे आणि महामार्गांमुळे त्यांच्या वाटा तुटतात, त्यांचा फायदा घेणाऱ्यांत तोही असतो. 2023च्या सरकारी अहवालात देशातल्या हत्तींच्या 150 भ्रमणमार्गांची नोंद आहे. भूगोलाच्या तासाला नकाशावर हे मार्ग, रेल्वे आणि धरणं एकावर एक काढली, तर गुंता कुठे आहे ते सातवीतल्या मुलालाही दिसतं. 12 ऑगस्टचा जागतिक हत्ती दिन ऐन शाळेच्या दिवसांत येतो, त्यामुळे अशा तासाला निमित्तही तयार आहे.

मोठ्या मुलांपुढे अवघड प्रश्नही ठेवता येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जुलै 2025मध्ये जामनगरच्या ‘वनतारा’ या प्राणी-केंद्रात नेली गेली, तेव्हा तिला परत आणा म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. माया, परंपरा, साखळी, हत्तिणीची तब्येत, कायदा हे सगळं त्या एका प्रकरणात आहे. वर्गात दोन बाजू पाडल्या, तर दोन्हीकडे बोलायला मुलं मिळतील. पस्तीस मिनिटांच्या तासात हा वाद मिटणार नाही आणि फळ्यावर लिहून देण्याजोगं एकच उत्तर शिक्षकांकडेही नसेल.