दमलात? मग हे जू घ्या

शनिवारी रात्री अकराला आडवे झालात, रविवारी दुपारी बाराला उठलात. चांगली तेरा तास झोप! तरी सोमवारच्या पहिल्या लेक्चरला अंग जड आणि डोकं त्याहून जड. जेवण नीट आहे, ताप नाही, ब्रेकअपही झालेला नाही. मग हा थकवा येतो कुठून?

सबमिशन, इंटर्नल्स, प्रॅक्टिकल्स यांचा थकवा वेगळा. तो परीक्षा संपली की दोन दिवसांत उतरतो. न उतरणारा थकवा असतो तो ‘आपण पुरे पडतोय का?’ या प्रश्नाचा. सीजीपीए पॉइंट दोनने घसरला की हा प्रश्न उठतो. लिंक्डइनवर बॅचमेटच्या इंटर्नशिपची पोस्ट दिसली की उठतो. लग्नाच्या पंगतीत आत्यानं सहज म्हणून ‘मग, पुढे काय?’ विचारलं की जिलबी घशात अडकते. मनात स्वतःवरच एक खटला चालू असतो आणि त्याला सुट्टीचा दिवस नसतो. अंग झोपतं, खटला जागाच राहतो.

या दुसऱ्या थकव्याबद्दल ख्रिस्ती परंपरेत फार बारकाईनं विचार झालेला आहे. आपली या धर्माशी ओळख बहुधा केक, कॅरल आणि कॉन्व्हेंटच्या शिस्तीपाशी थांबते, म्हणून तो आपल्यापर्यंत पोचत नाही एवढंच.

मत्तयाच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायाच्या शेवटी येशू कष्टानं दमलेल्या, ओझ्यानं वाकलेल्या माणसांना आपल्याकडे बोलावतो आणि विसावा देऊ करतो. इथपर्यंत ठीक. पुढच्याच दमात तो काय सांगतो, तर माझं जू खांद्यावर घ्या! दमलेल्या माणसाला पलंग द्यायचा सोडून जू? ज्यानं शेत पाहिलंय त्याला हे ऐकून हसूच येईल.

पण जू एकट्या बैलासाठी नसतं. नव्या गोऱ्ह्याला औताची सवय लावायची तर त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. ओढ असते ती मुरलेल्याची. गोऱ्हा त्याच्या पावलाला पाऊल लावत शिकतो. चर्चमधल्या प्रवचनांत या वचनाचा अर्थ बहुतेक वेळा असाच लावला जातो: जुवाच्या दुसऱ्या बाजूला येशू स्वतः आहे. शिवाय मूळ ग्रीकमध्ये या जुवासाठी जो शब्द आलाय, त्यात ‘नीट बसणारं, न काचणारं’ अशी छटा आहे. खांदेसूज झालेला बैल ज्यांनी पाहिलाय त्यांना या छटेची किंमत कळेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे तूप-हळद लावून बैलांची खांदेमळणी करतात, ती उगाच नाही.

आता मागचापुढचा संदर्भ बघा. त्या काळच्या यहुदी बोलण्यात ‘जू’ हा शब्द धर्मशास्त्राच्या नियमांसाठीही वापरत. पुढच्याच अध्यायात शिष्यांनी शब्बाथच्या दिवशी भुकेपोटी शेतातली कणसं मोडून खाल्ली म्हणून वाद उभा राहतो. म्हणजे समोर होते ते फक्त हमाली करून दमलेले लोक नव्हेत. आपण पुरेसे चांगले, पुरेसे शुद्ध, पुरेसे पात्र आहोत हे रोज सिद्ध करून थकलेलेही त्यात होते. ओळखीचं वाटतंय ना?

मराठी बायबलनं इथे ‘विसावा’ हा शब्द घेतलाय. वारी केलेल्या कुणालाही विचारा, विसावा वेगळा आणि मुक्काम वेगळा. विसाव्याला पालखी जरा टेकते, माणसं पाणी पितात, पाय चोळतात आणि पुन्हा चालू लागतात. भाषांतर करणाऱ्याच्या मनात वारी होती की नाही कोण जाणे, पण शब्द नेमका पडलाय.

या विसाव्याची खरी गोष्ट शोधायला लांब जायला नको. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव लागतं. तिथल्या ‘मुक्ती’ मिशनच्या संस्थापक पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्या एका परिच्छेदात भेटतात, जन्म 1858, ‘शारदा सदन’, विधवांसाठी कार्य, पुढचा धडा. त्या दमल्या किती होत्या हे त्या परिच्छेदात नसतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे विद्वान. हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. व्रतं, उपास, दानधर्म, सगळं मनापासून केलं. मग दुष्काळ आला, जवळचं संपलं. 1874 च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या, म्हणजे आजच्या अकरावीतल्या. त्यानंतर भावाबरोबर त्या हजारो मैल पायी भटकल्या. 1878 मध्ये कोलकात्याला पोचल्यावर त्यांच्या विद्वत्तेनं तिथले पंडित थक्क झाले, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दीडेक वर्षात कॉलऱ्यानं नवराही गेला. वय तेवीस, पदरात तान्ही मनोरमा. तुमच्या पोस्ट ग्रॅज्युएशनच्या वयात या बाईनं एवढं सगळं पाहून झालं होतं.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता इथे गोष्ट ‘आणि मग त्यांना शांती मिळाली’ अशी संपायला हवी ना? तशी ती संपत नाही, म्हणूनच मला ती खरी वाटते. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाई भांडतच होत्या. तिथल्या सिस्टरांशी सिद्धान्तांवर वाद घालत होत्या, मांसाहाराला शिवत नव्हत्या, गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरं लॅटिनऐवजी संस्कृतात का नकोत, हेही विचारत होत्या. दरम्यान अमेरिकेचा दौरा झाला, पुस्तक आलं, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. बाहेरून पाहिलं तर घवघवीत यश. आजच्या भाषेत प्रोफाइल एकदम जबरदस्त!

पुढे 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या अगदी मोकळेपणानं सांगतात की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त मात्र सापडलेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्लिश धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं होतं. स्वतःच प्रवचन देता देता ज्याचं मन पालटलं असा हा माणूस. ते वाचून रमाबाई स्वतःकडे पाहू लागल्या. लहानपणी व्रतं आणि तीर्थं होती, आता प्रार्थना आणि सेवा होती, पण हिशेब तोच राहिला होता. आपण पुरेसं करायचं, मग देव जवळ घेणार. तो हिशेब त्यांनी तिथे सोडला. क्षमा ही कमाई नाही, देणगी आहे, आणि ती मिळायला आपण आधी लायक व्हायची वाट बघायची नसते, हे त्यांना डोक्यानं आधीही ठाऊक होतं. आता ते आत उतरलं.

आणि यानंतर त्यांचं आयुष्य निवांत झालं का? छे! 1893 मध्ये शारदा सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय यावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोडपलं. धर्मांतर म्हटलं की आजही आपल्याकडे दोन तट पडतात. त्या वादात कोण किती बरोबर होतं यावर अभ्यासकांची मतं वेगळी आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. मला लक्षवेधी वाटतं ते हे की टीकेच्या या माऱ्यात बाई कोसळल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या, केडगावला वसवल्या. 1900 च्या दुष्काळानंतर मुक्तीतली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. त्यातच हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्ख्या बायबलचं भाषांतर केलं. जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. तरी ते काम पुरं करून 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या.

जू होतंच, उलट आधीपेक्षा जड होतं. काचायचं मात्र थांबलं होतं.

थकून जीव नकोसा होणं हा श्रद्धा कमी असल्याचा पुरावा आहे, असं कुणी सांगितलं तर त्याला एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगा. राजे पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात ती आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला हा माणूस राणी ईजबेलच्या एका धमकीनं कोसळतो, रानात पळून झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देव काय करतो? उपदेश नाही, ‘पॉझिटिव्ह राहा’ नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं समोर ठेवलेलं असतं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो, कारण वाट लांबची आहे. प्रश्न, उत्तरं, मंद स्वरातला देवाचा आवाज, हे सगळं नंतर. आधी भाकर आणि झोप. शेवटी त्याला नवं काम मिळतं आणि सोबतीला अलीशा. हा अलीशा भेटतो तेव्हा काय करत असतो माहितीय? बैलांच्या बारा जोड्या लावून नांगरत असतो. पुन्हा जू!

म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. थकवा आठवडेच्या आठवडे हटत नसेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरही हवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. देवदूताची भाकर कधीकधी अशीही येते.

मग हा विसावा घ्यायचा कसा? ख्रिस्ती घरातले असाल तर आजीकडून यातलं थोडंफार ऐकलं असेल. नसाल तरी चर्चच्या मागच्या बाकावर शांत बसलेल्याला सहसा कुणी काही विचारत नाही. बायबलमधली स्तोत्रं उघडा. दीडशेपैकी कितीतरी निव्वळ तक्रारी आहेत, देवा कुठे आहेस, किती वेळ, मलाच का. इन्स्टावर आपण हसरा फोटो टाकतो, इथे रडका चेहरा चालतो. हा मला या धर्माचा फार मोठा दिलासा वाटतो.

आठवड्यातला एक दिवस खरंच सोडा. शब्बाथच्या आज्ञेत मालकाबरोबर नोकर, परका, बैल आणि गाढव यांचीही नावं आहेत, आणि अनुवाद या पुस्तकात तिचं कारण दिलंय ते असं की तुम्ही मिसर देशात गुलाम होता. गुलामाला सुट्टी नसते. पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही आणि स्वतः मात्र रविवारीही मॉक टेस्ट देतो!

आणि रोज रात्रीसाठी एक जुनी रीत आहे. ती इग्नेशियस लोयोलाची. मूळचा स्पॅनिश लढवय्या, 1521 मध्ये तोफगोळ्यानं पाय मोडून अंथरुणाला खिळला आणि तिथे बदलला. मुंबईचं झेवियर्स कॉलेज चालवणारे जेझुइट याच्याच परंपरेतले. झोपण्याआधी पाचेक मिनिटं, अंधारात, देवासमोर. आजचा दिवस सकाळपासून सावकाश डोळ्यांसमोर आणायचा. काय मिळालं त्याचे आभार मानायचे, कँटीनमध्ये कुणी आपल्यासाठी ठेवलेला अर्धा वडापावही त्यात आला. कुठे चुकलं ते सांगायचं आणि क्षमा मागून तिथेच सोडायचं, त्यावर पुन्हा खटला भरायचा नाही. उद्याची भीती कशाची वाटते ते नाव घेऊन बोलायचं, ‘व्हायवा’ असेल तर ‘व्हायवा’ म्हणायचं. ते ओझं जुवाच्या दुसऱ्या बाजूला सोपवायचं.

फोन तेवढा आधी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.